आवळलेली गांठ आणि कांचेचा तंतु

वेणी गुंफणाऱ्या माळिणीच्या हाताकडे ज्यांनीं लक्षपूर्वक पाहिलें असेल, त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट खचित आली असेल. दोरा सैल राहिला तर फुलें गळतात. अधिक आवळला तर देंठ तुटतात. या दोहोंमधला ताण तिच्या बोटांना ठाऊक असतो. आज आमच्या संभाषणापासून पैशाच्या देवघेवीपर्यंत बहुतेक व्यवहार कांचेच्या केंसासारख्या तंतूंतून चालतात. हे तंतु यंत्रांच्या कपाटांत नीट मांडून बांधण्याची कला याच मधल्या ताणाची कला आहे. मनुष्याला ती उशिरां साधली, कारण तत्पूर्वीं कित्येक वर्षें तो निराळीच विद्या गिरवीत होता.

ती विद्या तांब्याच्या तारेची. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें १८८२ सालीं टेलिफोनचीं एक्सचेंजें उघडलीं. अशा प्रत्येक ठिकाणीं ग्राहकागणिक तारांची एक जोडी फळ्यापर्यंत आणावी लागे. ग्राहक वाढले तसे तारांचे जुडगे जाड झाले. ते मेण लावलेल्या सुताच्या दोऱ्यानें, सारख्या अंतरावर गांठी घालून बांधण्याची पद्धति जगभर रूढ झाली. तांबें मोठें सोशिक! वरचें वेष्टन कापलें जाऊं नये एवढें संभाळलें, कीं गांठ कितीहि घट्ट असो, संदेशाला त्याची दाद नसे. ‘घट्ट आणि सरळ’ हेंच चांगल्या बांधणीचें लक्षण ठरलें.

या कामांत कारागिराचीं बोटें मात्र कापत. अमेरिकेंत मॉरस लोगन या गृहस्थांनीं १९५६ च्या सुमारास बोइंगच्या विमान-कारखान्यांत हे हाल पाहिले. आणि १९५८ सालीं थॉमस अँड बेट्स कंपनीनें त्यांनीं योजिलेली दांतेरी पट्टी बाजारांत आणली. एक ओढ दिली कीं काम संपलें. बोटें वांचलीं, पण गांठ किती आवळली हें बोटांना जें कळे, तें या पट्टीला कळत नाहीं. तांब्याच्या राज्यांत ही उणीव कोणाला भासली नाहीं.

दरम्यान कांचेचा इतिहास वेगळ्याच वाटेनें चालला होता. कोलाडोन यांनीं जिनीव्हा येथें १८४१ सालीं आणि टिंडॉल यांनीं लंडन येथें १८५४ सालीं पाण्याच्या वळत्या धारेंतून प्रकाश नेऊन दाखविला. यांतील मर्म असें, कीं किरण स्वतः वांकत नाहीं. तो धारेच्या आंतल्या पृष्ठावर पुनःपुन्हां आपटून परावर्तित होत पुढें जातो. पृष्ठाशीं त्याचा कोन पुरेसा लहान असेल तोंवरच हें घडतें; मर्यादा ओलांडली कीं तो बाहेर निसटतो. १९५४ सालीं हॉपकिन्स व पंजाबांत जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनीं कांचतंतूंच्या जुडग्यांतून प्रतिमा नेली. चार्ल्स काओ व हॉकहॅम यांनीं १९६६ सालीं प्रतिपादन केलें कीं, एक किलोमीटर गेल्यावर प्रकाशाचा शंभरावा भाग जरी उरला तरी अशा तंतूंवर दूरसंदेश पाठवितां येतील. कॉर्निंग कंपनीच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनीं १९७० सालीं ती अट पुरी केली. पुढें अवघ्या नऊ वर्षांनीं, १९७९ सालीं, आमच्या पुण्यांत टेलिफोन एक्सचेंजांस जोडणारी प्रकाशतंतूची वाट सुरू झाली.

कांच कपाटांत शिरली, पण बांधणाऱ्याचा हात तांब्याचाच राहिला. घट्ट आवळलेल्या पट्टीखालीं तंतूला डोळ्यांस न दिसणाऱ्या सूक्ष्म सुरकुत्या पडतात आणि त्यांतून प्रकाश पाझरतो. कोपऱ्यांत काटकोनांत वळविला तर तो बांकाच्या बाहेरल्या अंगानें निसटतो. ही गळती लांब लहरींत आधीं दिसते. म्हणून १३१० नॅनोमीटरवर निर्दोष ठरलेली वाट १५५० वर सदोष ठरूं शकते. याहून कपटी दोष दुसराच. सतत ताणलेल्या कांचेवरील सूक्ष्म चिरा दमट हवेनें हळूहळू वाढतात, आणि आज चोख चालणारा तंतु कांहीं वर्षांनीं, कोणी हात न लावतां, तुटतो.

या ठेंचांतून नवी रीति उपजली. साध्या तंतूचें वळण ३० मिलिमीटर त्रिज्येहून लहान नसावें, असा दंडक आला. दांतेरी पट्टीच्या जागीं व्हेल्क्रोची मऊ पट्टी आली. द मेस्त्राल या स्विस गृहस्थांना तिची कल्पना १९४१ सालीं कुत्र्याच्या केंसांत अडकलेल्या काटेरी बोंडांवरून सुचली होती. ही पट्टी सोडून पुन्हां लावतां येते, आणि बांधल्यावर जुडगा तिच्याखालीं थोडा सरकला पाहिजे. तंतु तुटला तर टोकें वितळवून जोडण्यासाठीं तीं यंत्रापर्यंत पोंचलीं पाहिजेत. म्हणून जोडाजवळच्या ट्रेमध्यें जास्तीच्या लांबीचीं रुंद वेटोळीं मुद्दाम ठेवितात. तांब्याच्या कारागिराला हा अजागळपणा वाटला असता! २००६ सालीं १० मिलिमीटरपर्यंत, आणि पुढें ५ पर्यंत, वांकणें सोसणाऱ्या तंतूंचीं मानकें ठरलीं. पण एकाच कपाटांत जुने व नवे तंतु शेजारीं नांदतात आणि बाहेरून ते ओळखूं येतीलच असें नाहीं. म्हणून शहाणा कारागीर सर्वांना जुन्याच मर्यादेनें वागवितो.

कपाट बंद झालें कीं आंतली बांधणी कोणी पाहत नाहीं. दोष उघडा पडेल तेव्हां बांधणारा बहुधा दुसऱ्या गांवीं असेल. आणि खोळंबा व्हायचा तो एखाद्या रुग्णालयाचा, पेढीचा किंवा परगांवीं असलेल्या मुलाच्या निरोपाची वाट पाहणाऱ्या घराचा. तांब्याच्या काळीं चांगली बांधणी पाहतांक्षणीं ओळखूं येई. कांचेच्या बांधणीचा कस वर्षांनीं लागतो, आणि काम चांगलें असेल तर तो लागल्याचें कोणास कळतहि नाहीं. असें काम करणाऱ्या हातांची ओळख आमच्या वाचकांना असावी, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.