ऑक्सफर्डच्या दारात नाशिकची कॉर्नेलिया

ऑगस्ट-सप्टेंबर आला की आपल्या स्टँडसमोर परदेशी शिकायला निघालेल्या पोरापोरींचे अभिनंदनाचे फ्लेक्स लागतात. लागू देत, चांगलंच आहे. मला मात्र ते पाहून १८८९ साली ऑक्सफर्डला पोहोचलेली एक मुलगी आठवते.

कॉर्नेलिया सोराबजी. जन्म १८६६ चा, आपल्या नाशिकचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली, मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर झाली. शेवटच्या परीक्षेत नंबर इतका वर, की विलायतेची सरकारी स्कॉलरशिप तिच्याच नावावर पडायला हवी होती. नाही पडली. कारण काय, तर बाई! मग तिकडच्या काही मंडळींनी वर्गणी काढली. त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलसुद्धा होती. गुणवत्तेवर जे मिळायचं ते वर्गणीवर मिळालं. (यादीत नाव असूनही स्कॉलरशिपचा हप्ता न आलेल्या पोरांचे फोन मला आजही येतात, म्हणून हे जास्त टोचतं.)

ती गेली सॉमरव्हिल हॉलमध्ये. ऑक्सफर्ड तेव्हाच सातशे वर्षांहून जुनं, पण मुलींच्या या हॉलला जेमतेम दहा वर्षं झालेली. मुलींनी राहावं, शिकावं. पदवी मात्र मागू नये. पुरुषांच्या कॉलेजात लेक्चरला जायचं तर सोबतीला एक पोक्त बाई हवी. त्यात ही साडी नेसणारी, म्हणजे सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. मनात होता कायदा, पण सुरुवातीला तिला साहित्याकडे वळवलं गेलं.

पुढे दारं उघडली, पण कशी ते बघा. बेलिअल कॉलेजचे प्रमुख जॉवेट पाठीशी राहिले. ऑल सोल्स कॉलेजच्या लायब्ररीत बाईला मज्जाव; तिथल्या विल्यम अॅन्सन यांनी तिला बसायची परवानगी दिली. १८९२ साली कायद्याची परीक्षा आली, तर बाईचे पेपर घ्यायलाच नकार. विद्यापीठाला खास ठराव करावा लागला, तेव्हा कुठे ती पुरुषांबरोबर परीक्षेला बसली. म्हणजे दरवेळी कुणा मोठ्या माणसाची मेहेरबानी. हक्क म्हणून काहीच नाही. ते मोठे लोक भले होते हे मान्य, पण उद्या ते नसते तर?

परीक्षा पास झाली. पदवी नाही.

बायकांना पदवी द्यायचं ऑक्सफर्डनं १९२० साली ठरवलं. कॉर्नेलियाच्या हातात ती पडली १९२२ साली, पेपर देऊन तीस वर्षं उलटल्यावर. तोवर तिनं पंचावन्नी गाठली होती.