थ्री-नॉट-थ्री : एका जुन्या रायफलीची गोष्ट



पोलीस ठाण्याच्या दारात पहारेकरी उभा आहे आणि त्याच्या खांद्याला लाकडी दस्त्याची लांब बंदूक आहे, हे चित्र आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी पाहिले असेल. एन. सी. सी.त गेलेल्यांनी तर ती खांद्यावर घेऊन कवायतही केली असेल. तिचं नाव विचारा, 'थ्री-नॉट-थ्री' असंच उत्तर येईल. पण हे नाव नव्हे, माप आहे. इंचाचे हजार भाग केले तर त्यांतले ३०३ भाग, म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटर, एवढी तिच्या नळीची रुंदी. खरे नाव ली-एनफिल्ड.

ली हे जेम्स पॅरिस ली यांचे आडनाव. १८३१ साली स्कॉटलंडात जन्मलेल्या या कारागिराने बोल्टची आणि त्याखालच्या काडतुसांच्या पेटीची रचना शोधली. एनफिल्ड हे लंडनच्या उत्तरेकडील गाव. तिथल्या सरकारी कारखान्याने नळीतले आटे ठरवले. १८९५ साली ही दोन नावे जोडली गेली.

बोल्ट म्हणजे काय, हे समजायला आपल्या दाराची कडीच पुरे. कडी वर उचला, मागे ओढा : उडालेले काडतूस बाहेर पडते. पुढे सारा, खाली पाडा : नवे काडतूस आत जाऊन दार बंद होते. दर गोळीमागे हे करायचे. पेटीत काडतुसे दहा. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटिश शिपायाला ३०० यार्डांवर मिनिटाला १५ गोळ्या नेमाने मारायचा सराव करावा लागे. १९१४ च्या ऑगस्टमध्ये बेल्जममधील माँस येथे या सरावाचा प्रताप जर्मनांनी अनुभवला.

ही रायफल आपल्याकडेही बनली. बंगालमध्ये हुगळीकाठी ईशापूरला तिचा कारखाना होता. तिची काडतुसे आपल्या पुण्याजवळ खडकीला होत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. जगाच्या पाठीवर कुठेही जुन्या काडतुसाच्या बुडावर 'के. एफ.' ही अक्षरे दिसली, तर जाणकार सांगतात, हा माल खडकीचा.

आपल्याकडे ही रायफल साध्या परवान्यावर बाळगता येत नाही. पण इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियात परवाना काढून ती जपणारे आणि मैदानावर नेमबाजीसाठी वापरणारे हौशी लोक आहेत. त्यांची पद्धत ऐकण्यासारखी आहे.

पहिली गोष्ट सफाईची. जुन्या काडतुसाच्या टोपीत जो क्षार असे, तो जळल्यावर नळीत मिठाचा भाऊबंद मागे उरे. तो हवेतली ओल ओढतो, आणि कोकणातला पत्रा खारी हवा खाते तशी नळी आतून खाल्ली जाते. मग तेल लावावे? नुसते तेल लावून भागत नाही, कारण मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. म्हणून आधी नळीत उकळते पाणी ओतायचे, मग दोरीला बांधलेली चिंधी ओढून नळी कोरडी करायची, आणि शेवटी तेल. लोखंडाला पाणी लावू नये असे आपण म्हणतो. इथे पाणीच लोखंडाला वाचवते. गुरुजी, विज्ञानाच्या तासाला हे उदाहरण जरूर सांगा.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. बोल्टवर आणि रायफलीच्या अंगावर एकच क्रमांक ठोकलेला असतो, कारण ते एकमेकांना बेतून बसवलेले असतात. दुसरीचा बोल्ट हिला घातला तर काडतुसाच्या मागे फट राहू शकते. ती वाढली तर काडतूस आतच फाटते आणि बारूद चालवणाऱ्याच्या तोंडावर येतो. म्हणून पहिली गोळी झाडण्याआधी ही फट मापाने तपासतात.

तिसरी गोष्ट लाकडाची. दस्त्याला जवसाचे तेल चोळून चोळून मुरवतात. पण नवखा माणूस काय करतो? पॉलिश कागदाने घासून सारे चकचकीत करतो, आणि त्याबरोबर लाकडावरचे शिक्केही पुसून टाकतो. वीरगळाला रंग फासावा तसा हा प्रकार आहे.

कारण हे शिक्के म्हणजे लेख आहेत. ईशापूरच्या जुन्या रायफलीवर मुकुट आणि राजा जॉर्जची आद्याक्षरे दिसतात. स्वातंत्र्यानंतरच्या रायफलीवर त्याच जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. कारखाना तोच, लोखंड तेच, मालक बदलला. राज्य बदलले, हे इतक्या थोडक्यात दुसरे काय सांगेल?

आणि हा इतिहास नुसता अभिमानाचा नाही. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत डायरच्या ५० बंदूकधाऱ्यांनी १६५० गोळ्या झाडल्या, त्या याच रायफलींतून. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमधील रेझांग ला येथे मेजर शैतानसिंग यांचे सुमारे १२० जवान हीच रायफल घेऊन लढले. समोर आपोआप काडतूस भरून घेणारी शस्त्रे, आणि आपला जवान गारठलेल्या बोटांनी दर गोळीला बोल्ट ओढतो आहे. बहुतेक सारे तिथेच पडले. त्यांचे शौर्य थोर होते. पण ते आपल्याला जुन्या शस्त्राची भरपाई करण्यासाठी खर्चावे लागले, हे विसरू नये.

आपण विसरलो, मंडळी. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन अतिरेकी रायफली घेऊन शिरले, तेव्हा पोलिसांच्या हाती काठ्या आणि काही थ्री-नॉट-थ्री होत्या. तिथे पन्नासाहून अधिक माणसे मारली गेली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २०२० च्या प्रजासत्ताकदिनी संचलन करून तिला निरोप दिला.

सांगायचं इतकंच. जुनी वस्तू जपणे वेगळे आणि तिच्यावर माणसाचा जीव टांगणे वेगळे. आजोबांची तलवार देव्हाऱ्याशेजारी शोभते. रानात जाणाऱ्या पोराच्या हाती तीच देऊन आपण निर्धास्त झोपत नाही. जपायची तर तेल लावून, शिक्के न पुसता, जालियनवाला आणि रेझांग ला या दोन्ही आठवणींसह जपावी. पहाऱ्यावरच्या माणसाला मात्र त्याच्या काळाचे शस्त्र द्यावे.

पुढे कधी मुलांना घेऊन वस्तुसंग्रहालयात गेलात आणि काचेआड ही रायफल दिसली, तर घाईने पुढे जाऊ नका. मुलांना म्हणा, आधी शिक्का वाचा. मुकुट आहे की सिंह?