वारा, वारं आणि पवित्र आत्मा

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मे महिना सरत आला की शेतांतून काळे चौकोन दिसू लागतात. राब भाजून झालेले असतात. पाला, काटक्या आणि शेण यांची राख तेवढी जमिनीवर उरलेली असते. कुणबी असो, आगरी असो, ठाकूर असो वा कातकरी, जो तो बियाणे सांभाळून पश्चिमेकडे डोळे लावून बसतो. मग एखाद्या दिवशी दुपारनंतर वारा फिरतो. पाऊस अजून आलेला नसतो, पण तो येणार हे या वाऱ्याने सांगितलेले असते. पेन्टेकॉस्टचा सण १० मे ते १३ जून या काळात केव्हाही येतो. ज्या वर्षी तो जूनमध्ये पडतो, त्या वर्षी प्रेषितांच्या कृत्यांतील वाऱ्याच्या घोंघावण्याचे वाचन या भागातल्या श्रोत्याला समजावून सांगावे लागत नाही. यरुशलेममधला तो सण मुळात पहिल्या पिकाचा; आपल्याकडे तो पेरणीच्या तोंडाशी येतो, एवढाच फरक.

समजावून सांगावा लागतो तो ‘आत्मा’ हा शब्द. पवित्र शास्त्राच्या मूळ भाषांत ही अडचण नव्हती. हिब्रू ‘रुआह’ आणि ग्रीक ‘न्यूमा’ या दोन्ही शब्दांत वारा, श्वास आणि आत्मा हे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात. रात्रीच्या वेळी भेटायला आलेल्या निकदेमाशी बोलताना प्रभू येशू वाऱ्यावरून आत्म्यावर जातो, तेव्हा तो शब्द बदलतही नाही. आपल्या ‘आत्मन्’ या शब्दाच्या मुळाशीदेखील श्वासच असावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात; परंतु बोलीत तो अर्थ उरलेला नाही. पाड्यावर ‘आत्मा’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम येतो तो मेलेल्या माणसाचा, तृप्त न झालेला, वेशीबाहेर घुटमळणारा आत्मा. त्यापुढे ‘पवित्र’ हे विशेषण लावल्याने भीती थोडी कमी होते, इतकेच.

उलट ‘वारं’ हा शब्द मात्र जिवंत आहे. भगताच्या अंगात येते ते वारं. तो घुमू लागतो, त्याचा आवाज बदलतो, आणि आजारपण कशामुळे आले, कोणत्या देवाचे काय चुकले, हे तो त्या अवस्थेत सांगतो. म्हणजे अदृश्य शक्ती माणसात शिरून बोलते या कल्पनेला या डोंगरपट्टीत वाऱ्याचेच नाव आहे. रुआह या शब्दाच्या इतक्या जवळचा शब्द हाताशी असूनही आपण तो वापरू शकत नाही, कारण त्याला दुसरा अर्थ आधीच जडलेला आहे. हा पेच आजचा नव्हे. मराठी ख्रिस्ती माणूस चारशे वर्षे त्यात अडकलेला आहे.

येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. ओवी छंद, पुराणाची धाटणी, स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ असा देशी शब्द. मराठीवर एवढे प्रेम करणारा परदेशी माणूस विरळा. तरीही त्या काळी श्रद्धेच्या गाभ्यातले शब्द बहुधा पोर्तुगीज किंवा लॅटिनच ठेवले जात, कारण देशी शब्दाबरोबर देशी अर्थही आत शिरेल अशी धास्ती होती. कोकणपट्टीतील जुन्या प्रार्थनांत म्हणूनच पित्यासाठी ‘बाप’ आला, पुत्रासाठी ‘पुत्र’ आला, पण त्रैक्याची तिसरी व्यक्ती ‘इस्पिरितु सांतु’ या परक्या नावानेच वावरत राहिली. बाप कोण हे लेकराला कळते, पुत्र कोण हेही कळते. इस्पिरितु सांतु म्हणजे क्रुसाची खूण करताना हात खांद्यावर गेला की उच्चारायचे दोन शब्द आणि वेदीवर कोरलेले कबुतर.

परिणाम व्हायचा तो झाला. संकटात पवित्र मरिया, हरवलेल्या वस्तूसाठी संत अंतोनी, समुद्रावर आणखी कोणी; पवित्र आत्मा मात्र महागुरुस्वामींकडे. दृढीकरण संस्कार देण्यासाठी ते येत, कपाळाला तेल लावीत आणि गालावर हलकेच चापट मारीत. श्रद्धेसाठी सोसण्याची तयारी असावी, असा त्या चापटीचा अर्थ सांगितला जाई. पोप सहावे पॉल यांनी १९७१ साली या संस्काराचा विधी सुधारला, तेव्हा ती प्रथा वगळण्यात आली. त्याआधी हा संस्कार घेतलेल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहावे: चापट सर्वांना आठवते, आत्म्याची सात दाने क्वचितच कोणाला.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. ख्रिस्ती लोकांना पवित्र आत्म्याविषयी फारच अल्प माहिती असते, अशी खंत पोप तेरावे लिओ यांनी १८९७ च्या विश्वपत्रात व्यक्त केली आणि पेन्टेकॉस्टपूर्वी नऊ दिवसांची नोव्हेना सर्वत्र व्हावी असा आदेश दिला. त्यांच्यामागे इटलीतील एका धर्मभगिनीचा आग्रह होता. एलेना ग्वेर्रा हे तिचे नाव. तिने पोपमहोदयांना या विषयावर पत्रांमागून पत्रे लिहिली. २० ऑक्टोबर २०२४ रोजी तिला संतपद मिळाले, तेव्हा आपल्या धर्मग्रामांत त्याची फारशी चर्चा झाली नाही, ही गोष्टही बोलकीच म्हणायची.

महाराष्ट्रात पवित्र आत्म्याचा विषय घराघरांत बोलला जाऊ लागण्याआधी एकदा तो मोठ्याने गाजला होता; तोही कॅथलिक मंडळीत नव्हे, तर पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात. १९०५ च्या जून महिन्याच्या अखेरीस तेथील मुलींमध्ये प्रार्थनेची लाट उसळली. रडणे, पापांची कबुली, तासन्‌तास मोठ्याने प्रार्थना, आपण पेटल्याचा अनुभव, असे त्याचे वर्णन झालेले आहे. या मुली कोण होत्या, हे आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. १८९६ ते १९०० या काळातील दुष्काळांत रमाबाईंनी वाचवून आणलेल्या बालविधवा आणि अनाथ पोरी त्यांत पुष्कळ होत्या. त्यांच्या बोलण्याला त्याआधी कोणी किंमत दिली नव्हती. त्या लाटेनंतरही मुक्तिसदनातील छापखाना, विणकाम, शेती आणि शाळा चालूच राहिली. रमाबाईंनी पुढे मूळ भाषा शिकून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर हाती घेतले. अडाणी बाईला कळेल अशी भाषा हवी आणि वेदान्ती अर्थ चिकटलेले शब्द टाळावेत, हा त्यांचा कटाक्ष होता. १९२२ साली देह ठेवण्यापूर्वी त्यांनी ते काम पुरे केले. शब्दांचा तोच जुना पेच. पण सोडवू पाहणारी आता मराठीच लेक होती.

कॅथलिक मंडळीत दार उघडले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने. १९६४ च्या ख्रिस्तसभेवरील दस्तऐवजात स्पष्ट म्हटले गेले की, आत्म्याची दाने केवळ धर्मगुरूंना नव्हेत, तर सर्व थरांतील श्रद्धावंतांना वाटली जातात. मात्र असामान्य दानांच्या मागे उतावीळपणे लागू नये, आणि ती खरी की खोटी हे पारखण्याची जबाबदारी मंडळीच्या वडीलधाऱ्यांची आहे. मिस्सा मराठीत होऊ लागली आणि इस्पिरितु सांतु ‘पवित्र आत्मा’ झाला. १९६७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे डुकेन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या एका साधनाशिबिरातून कॅरिझमॅटिक चळवळ सुरू झाली. १९७२ मध्ये ती मुंबईत पोहोचली, आणि फादर फिओ मस्करेन्हस यांच्यासारख्या येशूसंघीयांनी तिला आकार दिला. टाळ्या, वर केलेले हात, भाषांचे दान, रोग्यांसाठी प्रार्थना: आपल्या शांत, जपमाळ ओढणाऱ्या धर्मग्रामांना हा धक्काच होता. पुष्कळांचे कोरडे झालेले प्रार्थनाजीवन त्याने ओले केले, हे आम्ही कृतज्ञतेने नोंदवतो.

आता पुन्हा डोंगराकडे वळू. पोर्तुगीजांची सत्ता किनाऱ्यालगत होती. शहापूर-मुरबाडच्या जंगलपट्टीत वसईसारखी पिढीजात ख्रिस्ती गावे घडली नाहीत. रेल्वे कल्याणहून वाशिंदला १८५५ मध्ये, कसाऱ्याला १८६१ मध्ये पोहोचली आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीला गेली. कल्याण आणि इगतपुरी या दोन रेल्वेगावांत ख्रिस्ती वस्ती झाली. मधला शहापूर तालुका गाडीच्या खिडकीतून दिसत राहिला. मुरबाडला तर रेल्वेही नव्हती. पुढे नोकरीधंद्यानिमित्त कुटुंबे आली, त्यांत केरळी बांधवही होते. त्यांच्या सिरो-मलबार परंपरेचा कल्याण धर्मप्रांत १९८८ साली स्थापन झाला. वसईचा धर्मप्रांत १९९८ च्या मे महिन्यात जाहीर झाला. महाजयंतीच्या तयारीत पोप दुसरे जॉन पॉल यांनी पवित्र आत्म्याला वाहिलेले वर्ष ते हेच. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, शहापूर-मुरबाड ठाण्यातच राहिले. विखुरलेली घरे, दूरचे चर्च, पावसात तुटणारा रस्ता. अशा ठिकाणी रविवारची मिस्सा गृहीत धरता येत नाही. आत्मा घरात कसा कार्य करतो, हा प्रश्न येथे पुस्तकी राहत नाही.

या भागातल्या आमच्या छोट्या प्रार्थनासमूहाची एक चूक येथे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. समूहातील एका बाईंना क्षय झाला होता. औषधे सुरू होऊन दोन महिने झाले, ताप गेला, वजन वाढले. एका रात्रीच्या प्रार्थनेत त्या उठून म्हणाल्या की, प्रभूने मला बरे केले, आता गोळ्या नकोत. आम्ही टाळ्या वाजवल्या, स्तुतिगीत म्हटले. त्या क्षयाचा उपचार निदान सहा महिने चालतो हे आमच्यातील दोघा-तिघांना ठाऊक होते. कोणी बोलले नाही. तो आनंद मोडण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. पावसाळा संपता संपता खोकला परतला, थुंकीत रक्त दिसले, आणि पुढचा उपचार अधिक लांबला, अधिक कठीण झाला. त्या बाई वाचल्या. शेजारचा एक ठाकूर म्हातारा तेव्हा आम्हांला म्हणाला, “ताई, आमच्या भगताचं वारं न् तुमचं वारं, फरक काय?”

त्याला तत्काळ उत्तर देता आले नाही. रोग्यांसाठी करावयाच्या प्रार्थनांविषयी व्हॅटिकनने २००० साली काढलेल्या सूचनापत्रात, प्रार्थनेमुळे औषधोपचार वर्ज्य ठरत नाहीत, उलट त्यांना उत्तेजनच मिळते, असे म्हटले आहे. ते आम्ही नंतर वाचले. पण संत पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र तर आम्ही कितीदा तरी वाचले होते! करिंथमध्येही गोंगाट होता, भाषांचे दान होते, आणि कोणाचे दान मोठे यावरून चुरस होती. पौल दाने नाकारीत नाही. ती सर्वांच्या हितासाठी आहेत, एवढी एकच कसोटी तो लावतो, आणि न समजणाऱ्या हजारो शब्दांपेक्षा समजणारे पाच शब्द बरे मानतो. त्या रात्री “गोळ्या मध्येच सोडू नका” असे कोणी म्हणाले असते, तर ती पौलाच्या मनासारखी भविष्यवाणी ठरली असती. धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेल्या सात दानांत सुमंत्रणा आहे, धैर्यही आहे. आम्ही ती दाने समारंभासाठी राखून ठेवली होती.

म्हाताऱ्याला आम्ही आज सांगू ते असे: भगताचे वारं येते आणि उतरते, उतरल्यावर त्याला बोललेले आठवेलच असे नाही. पवित्र आत्मा माणसाची शुद्ध हरपून बोलत नाही, त्याची शुद्ध जागी करतो. गलतीकरांच्या पत्रात फळांची नावे आहेत: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, इंद्रियदमन. यातले एकही रात्रीत पिकत नाही. भातशेती करणाऱ्या माणसाला हे पटावे. राब, पेरणी, आवणी, झोडणी यांतला एकही टप्पा गाळून कोणाच्या घरात तांदूळ आलेला नाही.

सुमंत्रणेची गरज येथे रोजची झाली आहे. समृद्धी महामार्गाचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो. जमिनींचे भाव चढले, दलाल वाढले, सख्खे भाऊ तहसील कचेरीत समोरासमोर बसू लागले. एका ख्रिस्ती घरात वाटणीचा कागद करण्यापूर्वी तीन संध्याकाळी सर्वांनी नुसती प्रार्थना करायची आणि जमिनीविषयी अवाक्षर काढायचे नाही असे ठरले. चौथ्या संध्याकाळी धाकट्याने बहिणीचा वाटा आपण होऊन मांडला. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.

आणि पाणी. तानसा १८९२ चे, मोडकसागर १९५७ चे, शिवाय भातसा. मुंबईची तहान भागवणारी ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकर येतो. आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्याच्या अंतःकरणातून जिवंत पाण्याच्या नद्या वाहतील, असे प्रभूने मंडपाच्या सणात म्हटले; ते आत्म्याविषयी होते, असा खुलासा योहान करतो. टँकर विहिरीत ओतला जातो तेव्हा काठावर जी झोंबाझोंबी होते, ती पाहिलेल्याला हे वचन नुसते गोड वाटत नाही. गेल्या उन्हाळ्यात एका पाड्यावर आम्ही पाहिले की, झोंबाझोंबी थांबली होती. आमच्या समूहातल्या, क्षयातून उठलेल्या त्याच बाई पाळ्या लावीत होत्या. त्यांना लिहिता येत नाही. प्रत्येक घराचा एक खडा, असा त्यांचा हिशेब होता. पहिला खडा टोकाच्या झोपडीतल्या एकट्या कातकरी म्हातारीचा, स्वतःचा शेवटचा.

आम्ही थट्टेने त्यांना आत्म्याची सात दाने विचारली. चार आठवली. पाचवे आठवत असताना टँकरचा हॉर्न वाजला, आणि त्या ओच्यातले खडे सांभाळीत विहिरीकडे गेल्या.