दिवेआगर परिसर : दुपारचा उकाडा आणि वळवाच्या विजा

श्रीवर्धन तालुक्यात, दिवेआगर-बोर्लीपंचतनच्या बाजूला, एप्रिल-मे म्हणजे आंब्यांचा, निकाहांचा आणि मुंबईहून, आखातातून घरी येणाऱ्यांचा मोसम. याच दिवसांत दोन धोके एकामागोमाग येतात: दुपारी उकाडा आणि संध्याकाळी वीज.

किनाऱ्यावर पारा विदर्भासारखा 45 ला जात नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण हवा दमट असली की घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. म्हणूनच हवामान खातं मैदानी भागात 40 अंशांपासून उष्णतेची लाट धरतं, तर किनाऱ्यावर 37 पासून, तेही सरासरीपेक्षा किमान 4.5 अंश जास्त असेल तर. आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला, 16 एप्रिल 2023 रोजी महाराष्ट्र भूषण सोहळ्यात भर उन्हात बसलेल्यांपैकी 14 जणांचा जीव गेला. जून 2024 च्या हजमध्ये 1,301 जण दगावले, तिथे पारा 50 च्या वर गेला होता. खारघरला तो चाळीसच्या खालीच होता.

म्हणून आम्ही म्हणतो, निकाह असरनंतर ठेवा. कडक उन्हात जोहर थोडी उशिरा पढण्याची सवलत तर हदीसमध्येच आहे. माणूस बरळू लागला, झोकांड्या देऊ लागला आणि अंग तापलेलं असेल, तर घाम येत असला तरी उष्माघात समजा. सावलीत आडवं करा, अंगावर पाणी ओता, पंखा लावा, 108 ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

आता विजेचं. 3 जून 2020 चं 'निसर्ग' वादळ सुपारी-नारळाच्या वाड्या झोपवून गेलं, पण त्याची खबर आधीपासून होती. वळवाच्या ढगाची नेमक्या ठिकाणाची सूचना जेमतेम तीन तासांची असते. पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप जवळ पडणाऱ्या विजा दाखवतं, ते मोबाइलमध्ये असू द्या. उकाड्याने हैराण झालेली पोरं गार वारा सुटताच किनाऱ्यावर पळतात, तीच वेळ सगळ्यात वाईट. वीज चमकल्यावर 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती 10 किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा. नारळाखाली, लोखंडी खांबांच्या मंडपात, पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये आसरा घेऊ नका. आंबे काढायची घळ हातात धरून तर मुळीच उभं राहू नका.

मशिदीची पक्की इमारत सुरक्षित, अंगण नाही. वीज कडाडत असताना अजान माइकशिवाय द्यावी, अँप्लिफायरचा प्लग आधीच काढून ठेवावा. मिनारावर वीजरोधक आहे का, त्याचं अर्थिंग शाबूत आहे का, हे ट्रस्टींनी पावसाआधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं. या खर्चाला जमातीत कुणी नाही म्हणणार नाही, असं आम्हाला वाटतं.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, हात लावायला घाबरू नका. श्वास थांबला असेल तर छाती दाबणं, म्हणजेच सीपीआर, लगेच सुरू करा आणि दुसऱ्या कुणाला 108 लावायला सांगा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर 1077.