पडसादापासून उच्चारापर्यंत : संगणकशास्त्रात येणाऱ्यांसाठी

छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात संगणकशास्त्र शिकायला येणारा विद्यार्थी पहिल्याच दिवशी बहुधा एक प्रश्न घेऊन येतो : पुढे पुणे की हैदराबाद? नोकरी कुठे लागेल, एवढाच त्याचा अर्थ. प्रश्न रास्त आहे, घरी कर्ज असेल तर अधिकच. पण या पानांचा विषय वेगळा आहे. इथेच बसून शोधण्यासारखे काय आहे, ते नव्याने येणाऱ्याला दाखवावे, एवढ्यासाठी हे लिहिले आहे.

हे विद्यापीठ वयाने लहान. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि इथल्या उच्च शिक्षणाची सूत्रे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे होती. १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेलेले महाविद्यालय सुरू केले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. दीर्घ संघर्षानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी त्याला बाबासाहेबांचे नाव मिळाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये मुंबईत चालू झाला, तेव्हा हे विद्यापीठ जेमतेम दोन वर्षांचे होते.

संगणकशास्त्राची पहिली पिढी जगात सगळीकडेच उसनी आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने १९६२ मध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग काढला, तेव्हा संगणकशास्त्राची पदवी घेतलेले शिक्षक मिळणार कुठून? माणसे गणितातून आली, भौतिकशास्त्रातून आली. आपल्याकडेही तसेच झाले, आणि मला ते उणे वाटत नाही. उसन्या माणसांबरोबर त्यांची अवजारेही येतात.

प्रा. एस. सी. मेहरोत्रा यांचे उदाहरण घ्या. ते मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. द्रवांच्या विद्युत्-गुणधर्मांचा अभ्यास ते ज्या पद्धतीने करत, तिला टाइम डोमेन रिफ्लेक्टोमेट्री म्हणतात. द्रवाकडे विजेचा अतिशीघ्र स्पंद सोडायचा, परत येणारा पडसाद काळाच्या पट्टीवर टिपायचा आणि फूरिये रूपांतराने त्यातल्या वारंवारता वेगळ्या करायच्या. आता पडसादाच्या जागी माणसाचा आवाज ठेवा. गणिताचा पाया तोच राहतो. २०११ मध्ये सुटे मराठी शब्द ओळखणाऱ्या प्रणालीवर जो शोधनिबंध प्रसिद्ध झाला, त्यावर भारती गवळी, संतोष गायकवाड आणि प्रवीण यन्नावार यांच्याबरोबर मेहरोत्रांचेही नाव आहे. त्याआधी, नोव्हेंबर २०१० मध्ये, पहिल्या तिघांनी उच्चार-ओळखीच्या तंत्रांचा आढावा लिहिला होता. या विभागातून निघालेले ते लेखन बाहेरच्या संशोधकांनी भरपूर उद्धृत केले आहे.

हे काम चालते कसे? ‘पाणी’ हा शब्द एक जण झटकन उच्चारतो, दुसरा ‘पाऽणी’ असा लांबवतो. यंत्र तो आवाज वीस-तीस मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापते. आपल्या कानाला खालच्या पट्टीतले फरक अधिक बारकाईने कळतात. त्याच धोरणाने प्रत्येक तुकड्यातल्या वारंवारतांना वजन देते. मग दोन उच्चारांपैकी एकाला हवे तिथे ताणून, हवे तिथे दाबून दुसऱ्याशी जुळवते. जुळवणीच्या या रीतीचा जपानी संशोधक साकोए आणि चिबा यांनी १९७८ मध्ये मांडलेला नमुना आजही शिकवला जातो. आजची न्यूरल जाळी याच्या फार पुढे गेली आहेत, तरी विद्यार्थ्याने ही जुनी रीत एकदा हाताने करून पाहावी. आवाज म्हणजे काय, ते तेव्हा कळते.

दुसरी वाट शेतात जाते. प्रा. कारभारी काळे पुढे लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली इथे दूरसंवेदनावर काम झाले. वर्णपटमापी ३५० ते २५०० नॅनोमीटरपर्यंत प्रत्येक नॅनोमीटरला एक नोंद देतो, म्हणजे कपाशीच्या एका पानाच्या एका मोजणीत २१५१ आकडे. त्यांतले कामाचे किती आणि एकमेकांची री ओढणारे किती, हे ठरवणे हा निखळ संगणकशास्त्राचा प्रश्न आहे.

आता थोडी तक्रार. आपल्याकडच्या उच्चार-संशोधनात शब्दसंख्या लहान आणि मराठी पुस्तकी असण्याचा प्रघात फार काळ चालला. पण बीड-जालन्याकडचा माणूस ‘जातोय’ म्हणत नाही, ‘जायलोय’ म्हणतो, ‘काय करायलास?’ असे विचारतो. शहरातल्या शहागंजात त्याच दमात दखनीतले ‘नक्को’ ऐकू येते. पुस्तकी मराठीवर शिकलेल्या यंत्रापुढे ही माणसे मुकी ठरतात. लिपीतही आपण उशिराच पोहोचलो. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्ह म्हणून आले ते २००८ मध्ये, तोवर ‘बॅट’ नीट उमटत होती, ‘ॲप’साठी मात्र कसरत करावी लागे. या उणिवा इथल्याच माणसाला आधी दिसणार, कारण तो घरी फोनवर असेच बोलतो.

म्हणून नव्या विद्यार्थ्याला एक विनंती. पहिल्या सुट्टीत गावी जाल तेव्हा आजीला विचारून, तिची परवानगी घेऊन, तिचे दहा मिनिटांचे बोलणे फोनवर मुद्रित करा आणि जसे ऐकू येईल तसेच, एकही शब्द न सुधारता, लिहून काढा. परत येताना तो कागद सोबत आणा. आपल्या अभ्यासाची सुरुवात तिथून करू.