वटारच्या शेजारचा बुरूड राजा



वसईचा इतिहास म्हटलं की पोर्तुगीजांचा किल्ला आणि 1739 सालची चिमाजीअप्पांची मोहीम. बस्स. त्याआधी इथं जणू माणसंच राहत नव्हती! फारच मागं जायचं झालं तर परशुरामाची कुऱ्हाड काढतात. वटार हे सोपारा आणि समुद्र यांच्या मधलं, वाड्यांचं गाव. त्याचाही इतिहास याच दोन खुंट्यांना टांगून ठेवलाय. पण वटारहून पूर्वेला सोपाऱ्याकडं चला, नाहीतर दक्षिणेला निर्मळच्या पुढं भुईगावला. दोन्हीकडं जमिनीनं वेगळीच साक्ष दिलीय.

सोपाऱ्याला एक टेकाड होतं. लोक त्याला म्हणत, बुरूड राजाचा कोट. बुरूड म्हणजे सूप-टोपल्या विणणारा, आज अनुसूचित जातींच्या यादीत असलेला. (सोपाऱ्याचं जुनं नाव शूर्पारक, आणि शूर्प म्हणजे सूपच!) एप्रिल 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी हे टेकाड खणलं. कोटाच्या पोटात निघाला बौद्ध स्तूप. मधोमध विटांची कोठी, तिच्यात मोठी दगडी पेटी. पेटीत तांबं, चांदी, दगड, स्फटिक आणि सोनं यांचे करंडक, सोन्याची फुलं, आणि बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे. शिवाय आठ धातूच्या मूर्ती. त्या आठव्या-नवव्या शतकातल्या, म्हणजे अशोकानंतर हजार वर्षांनीही इथं वंदन करणारे होते. पुढं स्तूप विसरला गेला, पण लोकांच्या तोंडी त्या जागेचा राजा बुरूडच राहिला. 

त्याच 1882 साली भातेला तळ्याजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. राजानं शिकारीच्या सहली सोडल्या, राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी तो संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला, आणि तिथून धम्मयात्रा सुरू झाल्या, असं त्या लेखात आहे. नवव्या लेखाचा तुकडा मिळाला भुईगावला. साल 1956! बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली तेच साल. हा योगायोग आहे, चमत्कार करू नका त्याचा. लेख काय सांगतो ते बघा. आजारपणात, लग्नात, बाळंतपणात लोक नाना विधी करतात, त्यांचं फळ थोडं. खरं मंगल कोणतं? त्यात पहिलंच येतं : दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणं.

आपण इथं टाळ्या वाजवतो. जरा थांबा. नीट वागा म्हटलंय, सोडून द्या म्हटलेलं नाही. दास दासच राहिला. आणि क्षुल्लक विधींचा ठपका सम्राटानं बायकांवर ठेवलाय, हेही वाचलं पाहिजे. मोठ्या माणसाचा दगड म्हणून डोळे मिटून घ्यायचे नसतात.

दासाची बाजू सोपाऱ्याच्याच दुसऱ्या कथेत सापडते. 'दिव्यावदान' या संस्कृत बौद्ध ग्रंथात पूर्णाची गोष्ट आहे. बाप शूर्पारकाचा व्यापारी, आई घरातली दासी. बाप मेल्यावर भावांच्या वाटण्या झाल्या. एकाला घर-जमीन, एकाला दुकान, आणि दासीचा पोरगा म्हणून पूर्ण स्वतःच एक वाटा! भांड्या-बैलासारखा. थोरल्यानं दुसरं सगळं सोडून तो वाटा घेतला. हाच पूर्ण पुढं चंदनाचा व्यापारी झाला, समुद्रावर गेला, भिक्खू झाला. पाली सुत्तात त्याला बुद्ध विचारतात, तिथले लोक तापट आहेत, मारतील तर? तो म्हणतो, शस्त्रानं तर मारत नाहीत, म्हणजे भलेच म्हणेन. शस्त्रानं मारलं तर? त्यालाही उत्तर देतो, आणि निघतो. कथा आहे, ऐतिहासिक पुरावा नव्हे. पण ती रचणाऱ्याला वाटणीत माणूस घालणं ठाऊक होतं.

स्तूप नालासोपारा पश्चिमेला आहे. पेटी-करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडं गेले. शिलालेख बघायचा तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावं लागतं, तिकीट काढून. जाताना ब्राह्मीची मुळाक्षरं गिरवून जा.