कोळंबी संवर्धन : तळे तुमचे, खाडी सगळ्यांची

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत खाडीकाठच्या खाजण जमिनीत कोळंबीची तळी आहेत. तळे एकाच्या नावावर असले तरी पाणी सगळ्यांचे एकच. ओहोटीला तुम्ही सोडलेले पाणी पुढच्या भरतीला शेजाऱ्याच्या पंपातून त्याच्या तळ्यात जाते आणि त्याने सोडलेले तुमच्याकडे येते. १९९०च्या दशकाच्या मध्यात पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने देशभरातील टायगर कोळंबीची शेती कोलमडली, तेव्हा बाधित बिजाइतकेच हे सामाईक पाणीही कारणीभूत होते. २००९ मध्ये व्हेनामी कोळंबीला परवानगी मिळाली आणि धंदा सावरला. पाण्याची वाट मात्र आजही तीच आहे.

जागा निवडताना

कांदळवन तोडून तळे काढू नका. तो गुन्हा तर आहेच, शिवाय ही जमीन बहुधा आम्लधर्मी निघते, तिथे सामू टिकवायला दरवर्षी चुना ओतावा लागतो आणि उधाणाला बांध उघडा पडतो. भातखाचर किंवा गोड्या पाण्याच्या विहिरीला लागून तळे काढले, तर झिरपणाऱ्या खाऱ्या पाण्यावरून गावात वाद ठरलेला. पडीक खाजण असेल तरच पुढे जा आणि कोस्टल ॲक्वाकल्चर अथॉरिटीकडे नोंदणी करूनच बीज सोडा.

बीज किती सोडावे?

व्हेनामीसाठी कमाल मर्यादा प्रति चौरस मीटर ६० पिलांची आहे. ही मर्यादा आहे, शिफारस नव्हे. नवख्या शेतकऱ्याने ३० च्या आसपास थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हिशेब असा : एक एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर, म्हणजे १,२०,००० पिले. ७५ टक्के जगली आणि सरासरी २० ग्रॅमची (५० काउंट) झाली, तर १,८०० किलो माल निघतो. एक किलो कोळंबीला १.४ किलो खाद्य धरले, तर खाद्य लागते सुमारे २,५०० किलो. साधारण ४०० ते ५०० किलो कोळंबीमागे एक अश्वशक्तीचा एरेटर लागतो, म्हणजे चार अश्वशक्ती आणि वीज गेल्यास तेवढाच भार पेलणारा जनरेटर. बीज दुप्पट केले की हे सगळे दुप्पट होते, तळाशी साचणारी घाणही. पहाटे चारला वीज गेली तर हाताशी उरणारा वेळ मात्र निम्मा होतो.

बीज नोंदणीकृत हॅचरीतूनच घ्या आणि पीसीआर तपासणीचा अहवाल मागा. एक गैरसमज इथेच काढून टाका : व्हेनामीचे मातृसाठे रोगमुक्त असतात, याचा अर्थ पिले रोगप्रतिकारक असतात असा नाही. तुमच्या तळ्यात विषाणू असेल तर तीही मरतात.

पाणी आणि रोग

खाडीचे पाणी थेट तळ्यात घेऊ नका. साठवण तळ्यात बारीक जाळीतून गाळून घ्या, ब्लीचिंग पावडरने निर्जंतुक करा, क्लोरीन पूर्ण उडाल्यावरच वापरा. खेकडे पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू वाहून आणतात, म्हणून बांधाभोवती खेकडा-कुंपण आणि वर पक्षी रोखणाऱ्या दोऱ्या लावा. एका तळ्याची जाळी व बादल्या दुसऱ्यात नेऊ नका. विरघळलेला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. तो तेव्हाच मोजा, ४ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली जाऊ देऊ नका. आपल्याकडे मृगाच्या पहिल्या जोराच्या सरीने वरच्या थराची क्षारता आणि सामू झपाट्याने उतरतो. अशा वेळी वरचे गोडे पाणी काढून टाका, चुना द्या, एरेटर चालू ठेवा, खाद्य कमी करा.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला तर तीन ते दहा दिवसांत तळे रिकामे होऊ शकते. त्यावर औषध नाही. त्या वेळी घाबरून पाणी खाडीत सोडणे ही सर्वांत महागडी चूक. दारे बंद ठेवा, शेजाऱ्यांना त्याच दिवशी कळवा, पाणी ब्लीचिंगने निर्जंतुक करून किमान आठवडाभर रोखून धरा. ईएचपी हा दुसरा शत्रू संथ आहे. त्यात मर फारशी दिसत नाही, कोळंबी लहान-मोठी राहते आणि खाद्य वाया जाते. त्याचे बीजाणू तळाच्या मातीत टिकतात. म्हणून बाधित तळे वाळवून, नांगरून हेक्टरी सहा टनांपर्यंत कळीचा चुना मातीत मिसळा आणि माती ओलवा.

एका खाडीवरच्या शेतकऱ्यांनी बसून बीज सोडण्याचा आठवडा, पाणी घेण्या-सोडण्याचे दिवस आणि दोन पिकांमधली विश्रांती ठरवावी. विस्तार कार्यकर्त्यांनो, तुमचे पहिले काम ही बैठक घडवणे, खाद्याचे वेळापत्रक नंतर.

काढणी आणि प्रक्रिया

क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारखी प्रतिजैविके कोळंबीत पूर्ण बंद आहेत. अंश सापडला तर निर्यातीचा माल परत येतो, म्हणून काढणीपूर्व तपासणी करून घ्या. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पुष्कळ कोळंबी कात टाकते. मऊ कवचाची पाच टक्क्यांहून जास्त दिसली तर काढणी दोन-चार दिवस पुढे ढकला.

बर्फ आधी बांधावर, जाळे नंतर. कोळंबी थेट बर्फाच्या पाण्यात टाका, मग किलोला किलो बर्फ थर देऊन भरा. इथे गेलेला तास कारखान्यात भरून निघत नाही, डोके काळे पडते आणि दर पडतो.

लहान काउंटचा माल गावातच सोलून सोडे करणे बचत गटांना परवडू शकते, पण हिशेब आधी मांडा. डोके आणि कवच जाऊन सोललेला गर साधारण निम्माच उरतो, वाळल्यावर आणखी घटतो. वाळूवर पसरलेल्या सोड्यांत खडे येतात. उंच मांडणीवर जाळी ताणून वाळवा, वर मच्छरदाणी टाका. टरफले खाडीत फेकू नका. त्यांत कायटिन असते, जवळ प्रक्रिया कारखाना असेल तर तिथे विचारा, नसेल तर नारळाच्या आळ्यात पुरा.